जपानी तलवारीची खरी किंमत मुठीच्या आत असते

या वेळी जुन्या वस्तूंच्या सदरात गंमत झाली, एक पत्र जपानी लष्करी तलवारीबद्दल आलं म्हणून ते छापायचं ठरवलं तर त्याच्या मागोमाग अजून चार आली. मग म्हटलं चला, पूर्ण सदर तलवारींनाच देऊन टाकू.

प्रश्न : आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बर्मा फ्रंटवर होते. तिथून त्यांनी आणलेली जपानी तलवार इतकी वर्षं कपाटावर पडून होती. म्यानावर तपकिरी चामडं शिवलेलं आहे, मुठीवर पट्टी गुंडाळलीये आणि तिच्याखाली खरबरीत पांढरी कातडी दिसते, परजेवर, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधल्या चकतीवर, फुलं आहेत. काका म्हणतात ही सामुराईची आहे, ५०० वर्षं जुनी, लाखोंत जाईल. एका डीलरला फोटो पाठवले तर तो म्हणाला फॅक्टरीचा माल आहे, किरकोळ पैसे मिळतील, पण लगेच "मला द्या" असंही म्हणाला. खरं कुणाचं धरायचं?

उत्तर : आत्तापुरतं दोघांचंही धरू नका, कारण दोघांनीही बाहेरूनच बघितलंय. जपानी तलवारीचा वरचा साज म्हणजे अंगावरचा युनिफॉर्म, आतला माणूस कोण ते त्यावरून कळत नाही. तुमच्या वर्णनावरून साज अधिकाऱ्याच्या 'शिन गुंतो' प्रकारचा वाटतो. १९३४ साली जपानी सैन्याने पाश्चात्त्य वळणाची मूठ सोडून जुन्या, कमरेला लटकवायच्या ताची तलवारीसारखा साज परत आणला, मग १९३८ साली त्यात थोडे बदल केले. परजेवरची फुलं म्हणजे चेरीचा बहर, आणि ती खरबरीत पांढरी कातडी रे माशाची. म्यानाला अडकवायच्या कड्या मोजा. दोन कड्यांची सोय असेल तर बहुतेक १९३४ चा नमुना, एकच असेल तर १९३८ चा. पण दुसरी कडी काढता येण्यासारखी असायची, त्यामुळे ती हरवलेलीही असू शकते. चामडं फील्डवर वापरायच्या म्यानाला असायचं, खाली लाकूड किंवा धातू.

आता मुद्दा असा की जपानी अधिकाऱ्याला तलवार स्वतःच्या खिशातून घ्यावी लागायची. त्यामुळे कुणी कारखान्यातलं पातं घेतलं, कुणी नावाजलेल्या लोहाराकडून करून घेतलं, आणि कुणी घरातलं वाडवडिलांचं पातं, अगदी तीन-चारशे वर्षांचं, काढून त्याला नवा लष्करी साज चढवला. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात! म्हणजे तुमचे काका बरोबर असण्याची शक्यता आहे, फक्त ती कमी आहे. युद्धकाळात मागणी एवढी वाढली होती की बहुसंख्य पाती तयार पोलादाची, तेलात विझवलेली, झटपट केलेली आहेत. त्यांना 'शोवातो' म्हणतात. याउलट तामाहागाने नावाचं पारंपरिक पोलाद घेऊन, ते घडी घालून घालून ठोकून, पाण्यात विझवून त्याच काळात केलेली असतील तर ती 'गेंदाइतो', आणि किमतीतला मोठा फरक या दोघांत पडतो.

तो फरक कळायला मूठ काढावी लागते. घाबरू नका, ती काढण्यासाठीच बनवलेली असते. मुठीच्या बाजूला बांबूची एक छोटी खुंटी दिसेल, मेकुगी म्हणतात तिला, काही लष्करी तलवारींना दोन असतात. ती एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला जाड असते, म्हणून बारीक टोकाकडून लाकडी किंवा पितळी काडीने हलकेच दाबायची, लोखंडी खिळा आणि हातोडी नको. खुंटी निघाली की म्यानातून पातं काढा, डाव्या हातात मुठीचा शेवट धरून तलवार जवळजवळ उभी पण किंचित तिरकी ठेवा, धार तुमच्यापासून लांब, आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठक ठक करा. पातं मुठीत हलायला लागेल. मग वरून परजेजवळच्या धातूच्या कॉलरला धरून उचला, धारेला हात न लावता. निघत नसेल तर ताकद लावू नका, ८० वर्षांत लाकूड गच्च बसलेलं असतं, जाणकाराकडे न्या. परजेच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्र्याच्या चकत्या निघतील, त्यांचा क्रम मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हे मी आवर्जून सांगतोय कारण मी स्वतः एकदा आठ चकत्या टेबलवर सांडल्या आणि पूर्ण संध्याकाळ त्या जुळवण्यात गेली. या चकत्यांवर बारीक नंबर असतात, सगळ्यांवर एकच असेल तर साज मूळचा आहे, आणि याला मार्केटमध्ये भाव आहे.

मुठीत जो पोलादाचा दांडा जातो त्याला नाकागो म्हणतात, आणि सगळी कुंडली तिथे असते. त्यावर सही आहे का, तारीख आहे का, गंजाचा रंग कसा आहे, कानशीचे ओरखडे कसे आहेत, शिक्का आहे का. एखाद्या गोलात किंवा छोट्या फुलात कोरलेलं एकच अक्षर दिसलं तर ते बहुधा 'शो' (शोवा या राजवटीच्या नावातलं पहिलं अक्षर) किंवा 'सेकी' हा तपासणीचा शिक्का असतो, सेकी म्हणजे जिथे धारदार हत्यारं बनवायचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा आहे ते गाव. हा शिक्का दिसला की समजायचं पातं बहुतेक पारंपरिक पद्धतीचं नाही. पण छोटा तारा कोरलेला दिसला तर हृदयाची धडधड वाढू द्या, तो सैन्याने नेमलेल्या लोहारांचा शिक्का, आणि ती पाती बहुधा तामाहागानेची असतात.

किमतीचं म्हणाल तर मी डॉलरमध्येच सांगतो, कारण या तलवारींचा बाजार अमेरिकेत आणि लिलावांत जास्त चालतो. बऱ्या अवस्थेतला शोवातो अधिकारी साजासह साधारण पाचशे ते बाराशे डॉलरच्या आसपास फिरतो, साज झकास असेल तर वर. सहीचा गेंदाइतो कित्येक पटीने जातो. टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात १९३३ ते १९४५ या काळात एका मंडळाने सुमारे ८,००० तलवारी बनवल्या, त्या लोहारांच्या नावाची सुरुवात 'यासु' ने व्हायची, जसं यासुतोकु, यासुनोरी. तशी सही निघाली तर चार-पाच हजार डॉलरच्या पुढेच बोलायला सुरुवात होते. हे माझे अंदाज आहेत, आज लिलावात दोन श्रीमंत भिडले तर उद्या वेगळं.

आणि डीलरबद्दल : नाकागोचा फोटो न मागता जो किंमत सांगतो आणि लगेच विकत घ्यायलाही तयार असतो, त्याला नम्रपणे चहा पाजा आणि पाठवा. आजोबांची तलवार कुठे, कधी मिळाली याचे कागद, जुनी पत्रं, तलवारीला बांधलेली जपानी अक्षरांची लाकडी किंवा कापडी चिठ्ठी असं काही असेल तर ते तलवारीबरोबरच ठेवा. आग्नेय आशियात दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती माउंटबॅटन यांचा आग्रह होता की जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी सगळ्यांसमोर सोपवायच्या, तिथल्या जपानी फौजांचे प्रमुख फील्ड मार्शल तेराउची यांनी १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये सायगॉनला त्यांच्याकडे स्वतःच्या दोन तलवारी दिल्या. त्यामुळे तलवार सोपवताना बांधलेल्या त्या चिठ्ठीवर मूळ मालकाचं नाव असू शकतं. अशी चिठ्ठी साध्या तलवारीला सुद्धा वर उचलते.

प्रश्न : माझ्याकडची तलवार वेगळी दिसते, मूठ पट्टी गुंडाळल्यासारखी आहे पण ती खरी पट्टी नसून रंग दिलेला धातू निघाला. पात्यावर नंबर कोरलाय आणि म्यानावरही नंबर आहे, पण दोन्ही वेगळे. ही नकली आहे का?

उत्तर : नाही हो, उलट ही फार ओळखीची चीज आहे. १९३५ चा एनसीओ म्हणजे सार्जंट वगैरे लोकांसाठीचा नमुना. मूठ ॲल्युमिनियमची ओतीव, वरून पट्टीचा देखावा रंगवलेला. सुरुवातीच्या काही तांब्याच्या मुठी होत्या, त्यांना शोधणारे वेडे आहेत. पातं मशीनवर केलेलं, त्यावर लांब खाच आणि कॉलरजवळ नंबर, आणि मुठीला एक छोटी कळ असते जी म्यानात अडकते. म्यानावर आणि पात्यावर एकच नंबर असेल तर किंमत चढते, तुमच्यात नाही म्हणजे कुणीतरी कधीतरी म्यानांची अदलाबदल केलीये, शरणागतीनंतर शिबिरात ढिगाऱ्यात पडलेल्या तलवारींबाबत हे व्हायचंच. मुठीवरचा रंग मूळ असेल तर तो पुसू नका, चमकवू नका, आणि कृपा करून परत रंगवू नका. युद्धाच्या शेवटी शेवटी तर धातू संपल्यामुळे लाकडी मुठी यायला लागल्या, त्यावर जाळीसारख्या खाचा कोरलेल्या असतात. अशांची दिसायला दैना, पण त्यांनाही गिऱ्हाईक आहे.

हाताने ठोकून केलेलं काहीही यात नाही, त्यामुळे कलेच्या अंगाने किंमत शून्य, पण लष्करी इतिहास जमवणाऱ्यांना हीच हवी असते. चारशे ते हजार डॉलर असं म्हणतो मी, जुळलेले नंबर आणि मूळ रंग असेल तर वरचा आकडा, तुमच्या केसमध्ये खालचा.

प्रश्न : आमच्या तलवारीची मूठ उघडली, आत सही नाही, अक्षरं नाहीत, फक्त दोन भोकं आहेत. म्हणजे फुकट गेली ना?

उत्तर : अहो थांबा, दोन भोकं बघून मी तर खुर्चीत सरळ बसलो! जुन्या काळी लांब ताची तलवारी पुढे कमरेला खोचायच्या वापरासाठी मागून कापून छोट्या करायचे, तेव्हा नाकागोचा शेवट कापला जायचा आणि त्याबरोबर सहीसुद्धा जायची, मग नवं भोक पाडावं लागायचं. म्हणून सही नसणं हे जुनेपणाचं लक्षणही असू शकतं. अर्थात लष्करी साजासाठी दुसरं भोक पाडलेलं असणंही शक्य आहे, त्यामुळे नुसत्या भोकांवरून उड्या मारू नका.

बघायचं असं : गंज कोणत्या रंगाचा आहे. शेकडो वर्षांचा गंज काळपट, गुळगुळीत, जवळजवळ चॉकलेटी मखमलीसारखा, बोटाला लागत नाही. ८०-९० वर्षांचा तपकिरी, कडेला अजून धातूची चमक. आणि ताजा नारिंगी भुरभुरीत गंज म्हणजे मुठीत पाणी गेलंय, किंवा कुणीतरी मुद्दाम आणलाय. मग पात्याकडे. दिव्याखाली तिरकं धरलं की धारेच्या कडेने एक पांढुरकी रेघ किंवा ढगांची लाट दिसेल, तिला हामोन म्हणतात, आणि पात्याच्या पोटात लाकडाच्या दाण्यासारखी नक्षी दिसली तर ते घडीच्या पोलादाचं लक्षण. रेघ नुसती पांढरी, रंगवल्यासारखी, आतमध्ये काहीही हालचाल नाही असं असेल तर ॲसिडची किंवा तारेच्या ब्रशची करामत समजा. लांबीही मोजा, टोकापासून ते कॉलर बसते तिथल्या पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत, बाकाप्रमाणे फिरवून नाही. ६०.६ सेंटीमीटरच्या पुढे असेल तर कताना, ३०.३ ते ६०.६ मधली वाकिझाशी.

एक गोष्ट मात्र तातडीने तपासा. धारेवर आडव्या दिशेने केसासारखी चीर आहे का. तिला हागिरे म्हणतात, आणि ती असली की मोठ्या लोहाराचं नाव असलं तरी किंमत कोसळते, कारण ती दुरुस्त होत नाही. धारेवरचे छोटे तुकडे उडालेले असतील तर ते पॉलिशवाला काढून टाकू शकतो. टोक तुटलं असेल तर मात्र वाईट बातमी, तिथली कडक धार गेली तर परत आणता येत नाही.

प्रश्न : पातं काळं पडलंय, गंज आहे. आमच्या भावाने आधीच उत्साहात नाकागोवरून सॅन्डपेपर मारायला सुरुवात केली, अर्धा झाला आणि मी थांबवलं. बाकीचा करून टाकू का म्हणजे एकसारखं दिसेल?

उत्तर : नको नको नको. भावाला चहा द्या आणि सॅन्डपेपर लपवा. अर्धं झालंय त्याचा विचार करून आता रडून उपयोग नाही, उरलेला अर्धा तरी वाचला. मी हे डोळ्यांत पाणी आणून लिहितोय कारण बरीच वर्षं झाली, मी पण एका पात्याचा नाकागो मेटल पॉलिशने लखलखीत केला होता. मला वाटलं सही छान वाचता येईल, वाचता आलीही, पण ज्याला दाखवायला घेऊन गेलो तो माणूस मला काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. गंज हाच वयाचा दाखला होता आणि तो मी चिंधीवर घेऊन आलो होतो.

नाकागोला काहीही लावायचं नाही, फार तर थेंबभर तेल. पात्याचा वरचा गंज नवा असेल तर मऊ कापडाने हलकं खनिज तेल लावून पुसा, दोनतीन दिवस ठेवा, परत पुसा. जपानमध्ये चोजी तेल वापरतात, म्हणजे खनिज तेलात लवंगेचा वास. डब्यातली रुपेरी पेस्ट, स्टीलवूल, ग्राइंडर, चाकूला धार लावणारा नेहमीचा माणूस, हे सगळे शत्रू. बोटांचे ठसेही पुसा, घामाने आठवड्यात गंज धरतो. खरं पॉलिश दगडांच्या अनेक पायऱ्यांवर हाताने होतं, महिने लागतात, आणि इंचावर हिशेब असतो. म्हणून आधी कळायला हवं की पातं त्या लायकीचं आहे का, शोवातोवर तो खर्च केला तर पॉलिशचं बिल तलवारीपेक्षा मोठं होतं. आणि अडाणी पॉलिशने पात्याच्या कडा गोल झाल्या की त्या परत उभ्या करायला अजून धातू घासावा लागतो, म्हणजे पातं बारीक होत जातं.

प्रश्न : सहीच्या बाजूला तारीख असावी असं वाटतं, कशी वाचायची? आणि तलवार जपानला पाठवून तिकडे विकता येईल का, तिथे जास्त भाव मिळेल असं ऐकलंय.

उत्तर : तारीख उभी कोरलेली असते आणि ती वाचायला जपानी यायला लागत नाही. जपानी आकड्यांत १, २ आणि ३ म्हणजे नुसत्या आडव्या रेघा, एक, दोन आणि तीन. १० म्हणजे आपल्या अधिकच्या चिन्हासारखं. आणि ८ म्हणजे दोन फाकलेल्या तिरक्या रेघा, जणू कोणी पाय पसरून उभा आहे. वर 'शोवा' ची दोन अक्षरं असतील तर पुढचा आकडा सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीचं वर्ष, त्यात १९२५ मिळवा. म्हणजे अधिकचं चिन्ह आणि खाली पाय पसरलेला माणूस म्हणजे १८, आणि १९२५ अधिक १८ म्हणजे १९४३. कुणी कुणी जपानच्या प्राचीन पंचांगाप्रमाणे २६०० साल कोरतात, ते १९४०. मंचुरियातल्या जपानी रेल्वे कंपनीने डालियानला बनवलेल्या तलवारींवर मात्र घोषवाक्य असतं, 'कोआ इश्शिन', म्हणजे आशियाच्या उन्नतीसाठी एक मन, आणि नाकागोच्या पाठीवर बहुधा नंबर. ही पाती पारंपरिक नाहीत, पण त्यांच्यामागे धावणारे संग्राहक भरपूर आहेत, त्यामुळे साध्या शोवातोपेक्षा जास्त भाव येतो. सही तर फोटो काढून जाणकाराकडून वाचून घ्या, आणि मासामुने (जपानचा सगळ्यात नावाजलेला जुना लोहार) किंवा असंच एखादं जगप्रसिद्ध नाव निघालं तर आधी खोटी सही धरा, हे नाव जुन्या काळापासून खोटं कोरलं जातंय आणि त्या महाशयांनी स्वतः फार कमी पात्यांवर सही केलीये. खरं मासामुने कुठे हरवलंय ते माहितीये का? जपानवर पूर्वी राज्य केलेल्या तोकुगावा घराण्याने १९४५ च्या डिसेंबरमध्ये टोकियोतल्या मेजिरोच्या पोलीस ठाण्यात जमा केलेली होन्जो मासामुने नावाची तलवार अजून सापडलेली नाही. त्यामुळे दरवर्षी शंभर लोकांना ती आपल्याच कपाटात असल्याचा भास होतो.

जपानला पाठवायचं तर आधी वाचा. जपानमध्ये तलवार बाळगायला नोंदणीचं कार्ड लागतं, आणि ते कलेची किंमत असलेल्या, पारंपरिक पद्धतीच्या पात्यालाच मिळतं. तुम्ही उत्साहात शोवातो पाठवलीत तर तिथे ती नोंदवता येत नाही, जप्त होऊन नष्ट होण्याची शक्यता असते. म्हणजे ज्या देशाने ती बनवली तिथेच तिला जागा नाही, काय म्हणावं याला! पारंपरिक असेल तर मात्र टोकियोच्या निहोनतो (म्हणजे जपानी तलवार) जतन संस्थेचं, १९४८ ला स्थापन झालेल्या एनबीटीएचकेचं प्रमाणपत्र मिळवता येतं, होझोन आणि त्यावरचं तोकुबेत्सु होझोन, आणि एकदा ते लागलं की किमतीवर भांडायची वेळच येत नाही. ब्रिटनमध्ये ५० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब वाकड्या तलवारींवर बंदी आहे, पण १९५४ आधीच्या किंवा पारंपरिक पद्धतीने केलेल्यांना सूट. तुमच्या ठिकाणी काय नियम आहे ते विकण्याआधी बघून घ्या.

फोटो पाठवताना नाकागोच्या दोन्ही बाजू, टोक, पूर्ण पातं म्यानाबाहेर, परज पुढून-मागून, मुठीच्या टोकाचं टोपण (त्यावर घराण्याचं चिन्ह असेल तर सांगा, त्यालाही पैसे आहेत) एवढं पुरे. फ्लॅश नको, खिडकीजवळ उजेड तिरका येईल असं धरा. सोबत पात्याची लांबी लिहा. आणि मुठीला लोंबणारा गोंडा शाबूत असेल तर त्याचा रंग पण लिहा, तपकिरी-निळा कनिष्ठ अधिकाऱ्यांचा, तपकिरी-लाल मेजर ते कर्नल, आणि लालाबरोबर सोनेरी आला तर जनरलचा. सोनेरी बघून मला लगेच फोन करू नका, गोंडे बाहेरून विकत मिळतात आणि नवे बनवून विकणारेही आहेत, त्यामुळे जुनाट, विटलेला, धूळ बसलेला गोंडाच मला जास्त आवडतो.